गरम केल्यावर गुलाबी

५ जानेवारी
कॉलेजात पर्यवेक्षकाची जागा रिकामी. उमेदवार दोन: एकवीस वर्षं केमिस्ट्री शिकवणारा मी, आणि चैताली मॅडम, वर्षं तीन. शनिवारी दोघांनी प्राचार्यांसमोर बारावीला डेमो द्यायचा. मॅडमची दया आली.

६ जानेवारी
माझा विषय: रासायनिक समतोल. त्याच्यावर ताण आणला की ताण कमी होईल त्या बाजूला तो सरकतो. मी कँटीनकडे सरकतो. तत्त्व अंगात मुरलंय.
प्रयोग कोबाल्ट क्लोराइडचा. थंड असताना निळं, गरम केल्यावर गुलाबी.

७ जानेवारी
लॅब अटेंडंट गोटीराम म्हणतो, "सर, उलटं हाय ते. गरम केलं का निळं होतं. एकदा करून बघू ना."
त्याला माझ्या २००४च्या नोट्स दाखवल्या. लॅमिनेट केलेल्या. चूक कोणी लॅमिनेट करतं का?

८ जानेवारी, सकाळी
प्रयोग करून बघण्याचा संकल्प.

८ जानेवारी, दुपारी
थंडी फार. राहिलं. तसंही प्रॅक्टिकल करतं कोण? मुलं मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात, मी सही करतो. एकवीस बॅचेस 'गरम केल्यावर गुलाबी' लिहून पास झाल्या. एवढी मुलं चुकतील?

१० जानेवारी
डेमो. द्रावण आलं तेच गुलाबी. मी म्हटलं, जरा निळसर आहे, नीट बघा. तापवलं. गडद निळं झालं. मी म्हटलं, केमिकलमध्ये भेसळ आहे.
पहिल्या बाकावरची सृष्टी उठून म्हणाली, निळं व्हायला उष्णता लागते. आपण उष्णता दिली, ती खपवायला समतोल निळ्याकडेच सरकणार ना? गोटीरामनं न सांगता बीकर बर्फात ठेवला. गुलाबी. वर्गानं टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.
प्राचार्यांनी एक जर्नल मागवलं. पानावर 'गरम केल्यावर गुलाबी', खाली माझी सही, शिवाय 'व्हेरी गुड'.

१२ जानेवारी
मॅडम पर्यवेक्षक. राजकारण, दुसरं काय. पहिली नोटीस: सर्व शिक्षकांनी प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून जर्नल लिहावं, गोटीरामला दाखवावं. 'सर्व' म्हणजे कोण, ते स्टाफरूमला बरोबर कळलं. वाईट वाटलं. फार.

१३ जानेवारी
प्रयोग केला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. जर्नल लिहिलं. गोटीरामनं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "सर, निरीक्षणात खाडाखोड नाय चालत. परत लिवा."
परत लिहितोय.