एकाच जोडीची जागा

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून सासूने सुनेला पत्र लिहावं म्हणजे एक तर कडाक्याचं भांडण झालं असणार, नाही तर म्हातारीचं डोकं फिरलं असणार, असं तुला वाटेल. दोन्ही नाही. तोंडावर सांगायला गेले की तू ‘बघू हो आई’ म्हणत कुकर लावायला पळतेस, म्हणून हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. जेवणाच्या सुट्टीत वाच.

विषय तुझ्या ऑफिसच्या आरोग्य विम्याचा. गेले तीन आठवडे तो फॉर्म फ्रिजवर पडून आहे. तू, तुझा नवरा आणि त्याखाली आईवडील किंवा सासूसासरे, दोन्हींपैकी एकच जोडी. उद्या शेवटची तारीख. पहिल्याच आठवड्यात मी धूळ पुसायला तो उचलला, तर त्या जागी पेन्सिलीने आमची नावं, आणि त्याखाली खोडरबराने घासलेली तुझ्या आईवडिलांची. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी, खोडलेलं आधी वाचायची खोड काही जात नाही.

त्या दिवसापासून मी आणि हे विम्याच्या हात धुऊन मागे लागलो. कालपर्यंत प्रीमियम म्हणजे महागातला चहा समजणारा हा माणूस, पण घड्याळदुरुस्तीचं ते डोळ्याला लावायचं भिंग घेऊन बसला आणि सगळ्या पुस्तिकांतली बारीक अक्षरं वाचून काढली. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं, आपण सगळ्यांचा मिळून एकच फ्लोटर घ्यावा. फ्लोटर म्हणजे घराला एकच टाकी. एकाने नळ सोडून ठेवला की बाकीचे कोरडे, आणि हप्ता ठरतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या वयावर. म्हणजे यांच्या वयाचा भार तुम्हा दोघांच्या डोक्यावर. वैयक्तिक पॉलिसीत प्रत्येकाची बादली वेगळी, पण हप्तेही वेगवेगळे. ज्येष्ठांसाठी म्हणून जी असते तिच्यात दवाखान्याच्या बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. एक टॉप-अप असते, ती ठरावीक रकमेपर्यंत हाताची घडी घालून बसते आणि बिल त्यावर गेलं की मगच उठते. यांनी तिला आमच्या चिरंजीवांचं नाव ठेवलं आहे.

हे चाललेलं असतानाच तुझ्या आईचा फोन आला. विहीणबाई फार घोळवून बोलत होत्या, शेवटी मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, पोरगी फॉर्मवरून कासावीस झाली आहे, तिला सांगा की तुमचीच नावं घाल, आम्ही ठणठणीत आहोत. मी म्हटलं, ठणठणीत तर आम्हीही आहोत. मग त्या रविवारी तुम्ही दोघं सिनेमाला गेलात ना, तेव्हा आम्ही चौघं आपल्या बैठकीत जमलो होतो. आल्यावर तुला कपबशा जास्त दिसल्या आणि मी थाप मारली की मैत्रिणी आल्या होत्या.

अगं, चार म्हातारी माणसं एकत्र बसली की दुखण्यांची शर्यत लागते. त्या दिवशी उलटंच. कोणाला काही म्हणजे काही होत नव्हतं. तुझ्या आईची साखर अचानक शहाण्यासारखी वागायला लागली होती. माझी थायरॉईडची गोळी म्हणजे निव्वळ हौस. तुझे वडील म्हणाले की ते रोज पाच किलोमीटर चालतात, आणि विहीणबाई छताकडे बघायला लागल्या. हे तर उठाबशा काढून दाखवायला उठले. तीन झाल्या, चौथीला खाली बसले ते बसलेच. तुझ्या वडिलांनी हात देऊन ओढून काढलं, आणि मग दोघेही सोफ्यावर धापा टाकत इतके हसले की आम्हाला पाणी आणायला पळावं लागलं.

हसणं ओसरल्यावर तुझ्या आईने पिशवीतून फाईल काढली. तुझे वडील नको नको म्हणत होते, पण त्यांनी ती माझ्या हातात दिलीच. स्टेंट बसल्यापासून दोन कंपन्यांनी तुझ्या वडिलांना सरळ नाही म्हटलं आहे. तिसरी हो म्हणते, पण हृदयाच्या दुखण्याचा खर्च तीन वर्षं थांबल्यावर मिळणार. हे त्यांनी तुझ्यापासून लपवलं. तुझ्या ऑफिसची पॉलिसी मात्र जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरते. मग वाद कसला राहिला? आम्हाला बाजारात कोणीही घेईल, त्यांना फक्त तूच घेऊ शकतेस. नोकरी सुटली की ऑफिसचा विमा जातो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते तिसऱ्या कंपनीची पॉलिसीही घेऊन ठेवताहेत. तीन वर्षं तेवढी तुझ्या ऑफिसने निभवायची.

आम्ही दोघांनी आमची वैयक्तिक घेतली. तपासणीला रक्त दिलं, त्या फिरत्या पट्ट्यावर चाललो, थायरॉईड खरं खरं लिहिलं. कागद काल हातात आले. यांनी ते शेजाऱ्यांना असे दाखवले, जणू दहावीचा निकाल लागला आहे.

एवढंच असतं तर मी तोंडी सांगितलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी तुझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा चौथ्या दिवशी मी तुला फोन केला आणि ते कसे आहेत हे विचारायच्या आधी विचारलं, परत कधी येणार. घरात पाहुणे होते, माझी कंबर धरली होती, कारणं पुष्कळ होती. दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने आलीस, बॅग ठेवलीस आणि ओट्याशी उभी राहिलीस. तेव्हापासून माहेरी तू दोन रात्रींच्या वर कधी राहिली नाहीस. फॉर्मवर आमची नावं कशामुळे लिहिलीस, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. माझं चुकलं, पोरी. फार चुकलं, आणि हे सांगायला मला दोन वर्षं लागली. आता तुझ्या आईवडिलांची नावं पेनने लिही, फॉर्म देऊन टाक, आणि शनिवारी जाऊन वडिलांना स्वतः सांग. हवे तितके दिवस राहा. परत कधी येणार, हे मी विचारणार नाही.

तुझीच,
आई