बर्फ सुटल्यावरचं पाणी

वुडलँड्स, शुक्रवार

प्रिय सारंग,

रविवारी मंडळाच्या पाडव्यात जे झालं, त्यानंतर तू काही कळवलं नाहीस. कळवण्यासारखं तुझ्याकडे काय होतं म्हणा. श्रीखंडाच्या रांगेत तू आणि आर्या, मध्ये नवं परकर-पोलकं घातलेली तुमची जाई, आणि समोरून सुचित्रा. सात वर्षांनी ती तुला पाहत होती. मी दोन माणसं मागे होतो, हातात कागदी ताटली धरून. तिला अडवता आलं असतं, पण मी रांगेतली जागा सोडली नाही. ती तुझ्याशी बोललीच नाही. खाली वाकून जाईला म्हणाली, "तुझा बाबा माझ्या रुचिरला पाण्यात सोडून एकटाच परत आला. ठाऊक आहे तुला?" वाटलं, पोर सिंगापूरच्या शाळेत जाणारी, तिला एवढं मराठी कुठलं कळतंय. पण कळलं. मान वर करून तिने तुला विचारलं, "पपा, यू लेफ्ट द अंकल देअर, आ?" आणि तू सुचित्राकडे बघून म्हणालास, "हो काकू. चुकलं माझं." मग एकदा, क्षणभरच, माझ्याकडे पाहिलंस. मी ताटलीतल्या वाटल्या डाळीकडे बघत होतो.

त्या नजरेला हे उत्तर आहे. पाच दिवस उशिरा लिहितोय असं म्हणू, की सात वर्षं?

माझं इथलं बरं चाललंय. अश्लेषा आणि जावई सकाळी कामाला गेले की मी खाली उतरतो आणि पाण्याकाठच्या धक्क्यापर्यंत चालत जातो. समोर मलेशियातल्या जोहोरच्या इमारती दिसतात, पुलावर ट्रकांची रांग असते. धक्क्यावर माझ्याच वयाचे तीन-चार चिनी म्हातारे गळ टाकून बसलेले असतात. त्यांच्यातल्या एकाने मला 'ब्रदर' म्हणायला सुरुवात केली आहे. परवा त्याने सांगितलं की इथल्या तलावांतही बास मासा सापडतो, पिवळा, शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका असलेला. बारा महिने सापडतो म्हणाला, कधीही या. मी उठून घरी आलो. सुचित्राला मी धक्क्यावर जातो हे आजवर माहीत नव्हतं. तिला वाटायचं मी लायब्ररीत बसतो.

बारा महिने. इथे ऋतूच नाहीत रे. ज्याने उभा जन्म शाळेच्या पुस्तकातल्या कविता घोकण्यात घालवला, त्याला देवाने म्हातारपणी अशा ठिकाणी आणून बसवावं, जिथे वसंत नावाची गोष्टच नाही. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं मी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या, पण डोक्यात सतत चौथीच्या पुस्तकातला कोकीळ. कॉलनीत लोक हसायचे. रुचिर लहान असताना मी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून कालव्याच्या काठाने न्यायचो आणि वसंताच्या कविता म्हणायला लावायचो. त्याची कंबर दुखायची, पण कविता पूर्ण झाल्याशिवाय मी थांबत नसे.

म्हणून तो मिशिगनला गेल्यावर पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं, तिकडे वसंत कसा असतो. तो म्हणाला, बाबा, तुमच्या पुस्तकातल्यासारखा अजिबात नाही. गवत राखाडी, झाडं नागडी, चिखल, आणि तळ्यावर कुजका बर्फ. पण तो सुटतो तेव्हा ऐका. आणि त्याने मला ते रेकॉर्ड करून पाठवलं होतं. काठाला लागलेले बर्फाचे लांबट तुकडे वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. काचेच्या बांगड्यांची टोपली कुणी हळूहळू हलवावी तसा आवाज. तो आवाज टिपताना पलीकडून कुणीतरी खोकत होतं, तो तू होतास. मी ते कितीदा ऐकलं असेल. ऐकता ऐकता डोळे मिटायचो आणि वाटायचं, असा वसंत एकाही कवीला सुचला नाही, माझ्या पोराला मिळाला.

दर वर्षी मार्च संपत आला की त्याचे फोन मासळीवर यायचे. तूच त्याला नादाला लावलंस. बर्फ सुटला की बास खोल पाण्यातून वर येतो, पण सगळीकडे नाही, हे मला तुम्हा दोघांमुळे कळलं. तळ्याच्या उत्तरेकडच्या काठाला दक्षिणेचं ऊन थेट लागतं, तिथला उथळ काळा चिखल आधी तापतो. दोन अंशांचा फरक, पण माशाला तेवढा पुरतो. थंडीने तो सुस्त असतो, धावून येत नाही. खोटा मासा टाकायचा, दोन हिसके द्यायचे आणि मग काही करायचं नाही. वीसपर्यंत मोजायचं. दोरी जराशी सैल पडली तर समजायचं, आला. रुचिर म्हणायचा, बाबा, मी आकडे मोजत नाही, तुमची एखादी कविता म्हणतो, दोन कडव्यांत वीस आकडे होतात. मग तो मासा हातात धरून फोटो काढायचे, हिरवट पाठ, अंगावर काळा पट्टा, मूठ मावेल एवढा जबडा, आणि परत पाण्यात सोडून द्यायचे, कारण माद्यांच्या पोटात अंडी असतात. ही गोष्ट मी कॉलनीभर सांगत फिरलो. माझा मुलगा मासे पकडतो आणि सोडून देतो.

त्या दिवशी तुम्ही फोटो काढून मासा सोडत होतात, नाही का? तू सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे. तो पाण्याकडे वाकला, तू तोल सावरायला उठलास, आणि ती पत्र्याची छोटी होडी उलटली. काठ शंभर पावलांवर. तुझ्या अंगात ते नारिंगी जॅकेट होतं, त्याच्या नव्हतं. तिकडच्या पोलिसाने फोनवर मला समजावलं की अशा पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वासच अडकतो, दहा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, पोहता येणं न येणं तिथे सारखंच. मी त्याला परत परत सांगत होतो, साहेब, माझा मुलगा पट्टीचा पोहणारा होता. तो बिचारा दर वेळी 'येस सर' म्हणत होता. तू उलट्या होडीला एका हाताने धरलं होतंस आणि दुसऱ्या हाताने रुचिरची बाही. बोटं मिटेनाशी झाली तोवर.

सुचित्राने या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. दोन जॅकेटं होती, एक याने घातलं आणि दुसरं होडीत पडून राहिलं. तेराव्यानंतर तू फोन केलास तेव्हा तिने तुला तेच विचारलं आणि तू म्हणालास, मी त्याला घालायला लावायला हवं होतं काकू. तिथून तिने तुला धरलं ते धरलंच. तिला जगायला काहीतरी हवं होतं, तुझ्यावरच्या रागावर ती जगली. सकाळी उठून आंघोळ करून देवासमोर बसते, आणि मला माहीत आहे, तिथे ती पहिलं नाव तुझं घेते, आणि ते आशीर्वादासाठी घेत नाही.

मीही तुझा द्वेष केला. खोटं कशाला बोलू? तुझं लग्न झालेलं, आर्याला तेव्हा पाचवा महिना चाललेला, मग जाई झाल्याचा तुझा मेसेज, फोटोसकट. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या मनात आलेलं मी इथे लिहू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी तुझी बदली इथे सिंगापुरात झाली, तू सेंगकांगला राहायला आलास. दर महिन्याला तुझा मेसेज यायचा, काका, येऊन जाऊ का, काकूंच्या पायावर डोकं ठेवायचंय. मी दर वेळी लिहायचो, काकूंना बरं नाही, पुढच्या महिन्यात बघू. सुचित्राला मी एकदाही विचारलं नाही. तिने नाही म्हटलं असतं याची मला भीती नव्हती. तू येशील, बसशील, आणि कधीतरी बोलता बोलता तुझ्या तोंडून निघून जाईल, याची होती. तू मात्र कधीच काही बोलला नाहीस. रविवारी, पोरीसमोरसुद्धा.

आता ते सांगतो. कॉलनीतली विहीर तू पाहिलेली नाहीस. चाळीस पायऱ्या, पाणी काळंभोर. सगळी पोरं पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकायची. कुणाचा महिन्याने सुटायचा, कुणाचा पावसाळ्यापर्यंत. ज्याच्या पाठीला डबा, त्याला बाकीची पोरं कठड्यावरून चिडवायची. रुचिरचा डबा मी चौथ्या दिवशी सोडला, त्याला न सांगता, पाठीमागून गाठ ओढून. सात वर्षांचा होता. बुडाला, वर आला, खोकला, आणि तरंगला. ऑफिसात मी पेढे वाटले होते. पुढे कितीतरी वर्षं, कुणी घाबरलं, मागे राहिलं, की आमच्या घरात एकच शब्द होता, याच्या पाठीला अजून डबा आहे. रुचिर मोठा झाला, इंजिनिअर झाला, परदेशी गेला, तरी त्या शब्दाला घाबरायचा. मला ते माहीत होतं. मला त्याचा अभिमान होता.

तो शनिवार पाडव्याचा होता. आमच्याकडे संध्याकाळचे पाच, तुमच्याकडे नुकतं उजाडलेलं. सुचित्रा खालच्या मजल्यावर बत्तासे द्यायला गेली होती आणि मी गुढी उतरवायला गच्चीत उभा होतो, तेव्हा रुचिरचा व्हिडिओ कॉल आला. मागे ते तळं, एका बाजूला अजून पांढरं, आणि तुम्ही दोघं होडीशी, दोघांच्याही अंगात नारिंगी जॅकेट. दोघांच्याही. मला पाणी पाहून इतका आनंद झाला होता, सारंग, मी अगदी कवितेत होतो. आणि त्या आनंदात मी हसून म्हणालो, "अरे, हे काय? या वयात पाठीला डबा बांधलास?" तो हसला. पण त्याचं हसू मला ओळखू येतं. त्याने पट्टा सोडला, क्लिक झालेलं मी ऐकलं, जॅकेट होडीत टाकून म्हणाला, "घ्या, सोडला." तू मागून पुढे आलास. तू हसत नव्हतास. म्हणालास, "काका, त्याला घालायला सांगा ना. माझं ऐकत नाही तो, तुमचं ऐकेल. पाणी फार गार आहे."

आणि मी काय म्हणालो, ते तुला पाठ असेल. मला आहे. "गार पाणी कुणाला सांगतोस? पौषात विहिरीत उतरलेला पोरगा आहे माझा. तुला भीती वाटत असेल तर तू राहू दे अंगात."

तू राहू दिलंस. तू राहू दिलंस म्हणून आज जाईला बाप आहे. मी गुढी उतरवली, साडी घडी करून ठेवली, सुचित्रा वर आल्यावर सांगितलं, रुचिरचा फोन होता, मजेत आहे. एवढंच. त्यानंतर तिने तुला जेव्हा जेव्हा शाप दिला, मी शेजारी बसून ऐकला. एकदाही तुझी बाजू घेतली नाही, आणि लोकांना वाटायचं, काका किती सोशिक.

काल संध्याकाळी तिला सांगितलं. ती टेबलाशी मेथी निवडत होती. मी प्रस्तावना बरीच केली, कॉलनी, विहीर, बर्फाचा आवाज, तिने थांबवलं नाही. सगळं सांगून झाल्यावरही तिचे हात चालू होते. मग विचारलं, "सारंगने ऐकलं होतं तुमचं?" मी हो म्हटलं. "आणि सात वर्षं तो गप्प?" हो म्हटलं. उरलेली जुडी तिने पूर्ण निवडली, देठ वेगळे, पानं वेगळी. हात धुतले. नातवाची वही आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "लिहून द्या. तोंडाने सांगायला गेलात तर तुम्ही परत कविता कराल." म्हणून हे पत्र. वर ज्या दोन-तीन ओळी बऱ्या वाटल्या असतील, त्याही तिने खोडायला लावल्या होत्या, माझ्याने खोडवल्या नाहीत. उद्या सकाळी अकराला ती हे घेऊन तुझ्या घरी येईल, जाईला घरीच ठेव, असा मेसेज मी तुला आजच करतोय. पत्र जाईसमोर वाच आणि तिला तिच्या भाषेत समजावून सांग, असं सुचित्राचं म्हणणं आहे. जी काकू इथे पाच वर्षांत एकटी एक स्टेशन गेली नाही, तिने अश्लेषाकडून कागदावर लिहून घेतलंय कुठे गाडी बदलायची, दोनदा बदलावी लागते. मी म्हटलं, मी सोबत येतो. ती म्हणाली, "तुम्ही कशाला?"

तुझाच,
श्रीनिवासकाका