सहा वर्षांची टीम मोडताना

३ मार्च, सकाळी ९.१०
निर्णय झाला. खाडीकाठच्या केमिकल कंपनीचं सेफ्टी बुक यंदा पद्मा आणि कुलदीप मराठीत करणार नाहीत. सहा वर्षं तीच दोघं. अशानं माणूस सुस्तावतो. भाषांतराच्या धंद्यात फ्रेशनेस हवा. आजपासून रोटेशन. शिवाय आमचा अजेय तिथंच ट्रेनी म्हणून लागतोय. त्याच्या हाती बापाचं ताजं काम पडेल.

४ मार्च
पद्माला दिवेआगरच्या होमस्टेचं मेनूकार्ड दिलं, कुलदीपला खोबरेल तेलाचं लेबल. पद्मा रडेल वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, येसाजीभाऊंना पानं कोण वाचून दाखवणार? येसाजी म्हणजे कंपनीचा फोरमन. बाई दर वर्षी त्याला अख्खं पुस्तक फोनवर वाचून दाखवते आणि तो बदल सांगतो. दोन दिवस यातच जातात. ही पद्धत बंद. आपण भाषांतरकार आहोत, कीर्तनकार नाही.

१० मार्च
नवी टीम. पाच जण, सगळे ऑनलाइन. एकानंही ही खाडी पाहिलेली नाही, म्हणजे नजर कोरी. पुस्तकाचे पाच तुकडे केले. एकमेकांना विचारायचं नाही, वेळ वाचतो.

१२ मार्च, दुपारी
नऊ दिवसांचं काम दोन दिवसांत. तपासायला बसलो होतो, पण डोळा लागला. पाचही जण ग्रॅज्युएट आहेत.

१७ मार्च
कंपनीत कच्ची प्रत पोचली आणि येसाजीचा फोन. म्हणाला, साहेब, पद्माताई न्हाईत काय? गॅस सुटला की पश्चिमेच्या फाटकातनं बाहेर पडा, असं लिवलंय. ते फाटक वादळात पडलं, तवापासनं तिथं भिंत हाय. ताई दर साली उत्तरेचं फाटक लिवायच्या.
मूळ इंग्रजी काढून पाहिलं. पश्चिमच आहे. हेड ऑफिसनं बदललं नाही, त्याला मी काय करणार? म्हणजे पद्मा सहा वर्षं मूळ मजकुरात ढवळाढवळ करत होती. बरं झालं काढली.

२१ मार्च
पुस्तक छापून गेलं. येसाजी पुन्हा फोनवर. म्हटलं, दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. घाई कशाला? जुन्यांना फाटक ठाऊकच आहे, पुस्तक फक्त नव्यांसाठी. अजेय पाठ करतोय.  

२६ मार्च
चिठ्ठी आज करायची होती. वारा पडलाय. खाडीकडून गोडसर वास येतोय. बायकोनं, आश्लेषानं, विचारलं, हा वास कसला? म्हटलं, मासळी सुकत असेल. ती म्हणाली, मासळीचा वास असा गोड कधी येतो? खिडक्या लावून घेतल्या. चिठ्ठी उद्या नक्की.

२७ मार्च, दुपारी १२.४०
सायरन. मॉक ड्रिल असणार. अजेय फोन उचलत नाही.

१२.५५
अजून वाजतोय. पद्माला फोन लावला. ती म्हणाली, येसाजीभाऊंशी बोलणं झालंय, ते भिंतीकडे गेलेत. मी न विचारताच.

२८ मार्च
अजेय ऑक्सिजनवर. वाचेल म्हणतात. जुने सगळे उत्तरेनं बाहेर पडले. चार ट्रेनी हातात पुस्तक घेऊन भिंतीपाशी अडकले होते. येसाजीनं एकेकाला ओढून काढलं, आता तो शेजारच्या खाटेवर आहे. मी फार घाबरलोय.
अजेयनं मास्क बाजूला करून विचारलं, बाबा, हे कोणी लिहिलं? म्हटलं, टीमनं. त्यानं विचारलं, कोण कोण होतं?
पाचांतलं एकही नाव मला आठवलं नाही.