एकशे आठ मण्यांचा अबोला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (रागावली असलीस तरी पाय मागे घेऊ नकोस). डोळा कसा आहे? आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही तीनदा उठून लिहिते आहे (कागद सूनबाईच्या ऑफिसचा, मागची बाजू कोरी होती). सोमवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि मी सोबतीला येऊ का, एवढं विचारायला मला सोळा दिवस झाले!

त्याचं असं झालं. सूनबाईचं ऑफिस, यांच्या बातम्या आणि माझं प्रवचन, सगळं एकाच वायफायवर. काल महाराज "मनुष्याने क्रोध" एवढं म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून जे थांबले, ते थांबलेच. तिकडून सूनबाई ओरडली, "आई, महाराजांना बंद करा, माझे साहेब अडकलेत!" शेवटी वायफायवाल्याला बोलावलं. तो स्टुलावर चढला, मी स्टूल धरलं. म्हणाला, हवेतली वाट एकच असते काकू. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं आणि शांत असेल तरच बोलतं (आमच्या घरात माणसांपेक्षा यंत्रांना वळण बरं). दोघं एकदम बोलली तर दोघांचं बोलणं वाया. मग ज्याने त्याने मनात एक आकडा धरायचा, तेवढं मोजायचं आणि पुन्हा बोलून बघायचं. मी गणितात मॅट्रिकपर्यंत पक्की, म्हणून विचारलं, दोघांनी एकच आकडा धरला तर? "मग पुन्हा आदळणार की!"

माझ्या हातून स्टूलच सुटलं (तो बरा आहे).

ताई, मी रोज सातच्या ठोक्याला तुला फोन लावते. एंगेज. एक माळ जपते, पुन्हा लावते. पुन्हा एंगेज! हिला जगाशी बोलायला वेळ आहे, असं म्हणून मी फणफणत होते. आपल्या दोघींचे फोन जुने, तारेचे; कोण लावत होतं ते सांगत नाहीत. पण राग आला की एक माळ जपावी आणि मगच बोलावं, हे आईने शिकवलं ते दोघींनाही! मणी तेवढेच, वेगही तोच. म्हणून आजपासून मी अर्धीच माळ जपते, तू पूर्ण जप.

तुझी धाकटी

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. "मी अर्धी माळ जपते, तू पूर्ण जप." आता काय बोलायचं!

ता. क. दुसरा. फोन राहू दे. शनिवारच्या पहिल्या गाडीने मीच येते. एकच विनवणी, माझा रुसवा काढायला तू इकडे निघू नकोस.