चेनसॉ उन्हाने बंद पडत नाही

बाबा,

मशीन घेऊन पुन्हा अंधेरीच्या मेकॅनिककडे जाऊ नका. फिल्टर, प्लग सगळं ठीक आहे. उन्हात तापली की दम टाकते असं तुम्ही सगळ्यांना सांगताय, पण दोष उन्हाचा नाही, माझा आहे. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते मी एम-सीलने बुजवलं होतं. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल पुढे जात नाही आणि अर्ध्या तासात मशीन मरते.

गेल्या मे महिन्यात मुलुंडला झाडावर तुम्हाला घेरी आली. उन्हात चढू नका म्हणून डॉक्टर बोलून थकले, आई रडून थकली. निदान मशीन बंद पडली तर ऊन चढायच्या आत खाली उतराल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काल जेवायच्या सुट्टीत मुद्दाम बघायला आलो. भर दुपारी तुम्ही चिंचेवरच बसून होता, मशीन फांदीला टांगून, ती गार व्हायची वाट बघत.

हरलो बाबा. सकाळी भोक मोकळं केलंय, आता दिवसभर चालेल. फ्रीजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या आहेत. दोन्ही न्या.

नितेश