बोअरजवळचा मातीचा चौकोन

अप्पा, मागच्या महिन्यात मी तुमच्या बोअरच्या ओट्यावर छिन्नी-हातोडा चालवला. तुम्ही असतात तर आधी पंपाचा स्विच बंद केलास का, हे विचारलं असतंत. केला होता.

कारण सांगते. तुमच्या नातीला मुलगी झाली आहे, आता रांगते. उन्हाळ्यात दोघी गुडगावहून राहायला आल्या आणि बाळाचं पोट बिघडलं. दात येत असतील म्हणून सोडून दिलं. पुन्हा आल्या, पुन्हा तेच. प्यायला उकळलेलंच पाणी देत होतो, पण टबात बसवलं की ती ओंजळ तोंडात घालतेच. लेकीने पाणी तपासायची छोटी बाटली आणली. पाणी भरून ठेवायचं, मैल्याचे जंतू असले तर ते काळं पडतं. आपलं शाईसारखं काळं झालं. "आई, ही बोअर बंद कर आणि टँकर मागव. नाहीतर मी हिला इथे आणणार नाही. बिल्कुल नाही." माझीच मुलगी, बोलली तसं करणार. आणि फरिदाबादच्या या टोकाला अजून नळ नाही, गटाराची लाइनही नाही. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून इथे येताना तुम्ही म्हणाला होतात, येईल लवकरच.

मैला म्हटल्यावर पहिला संशय सेप्टिक टँकवर. त्याचं झाकण सरकवलं की मला अजून तुमचा आवाज ऐकू येतो. घर नवं आहे, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संडास घासायची पाळी माझी. मी अर्धी बाटली फिनाइल ओतते आणि तुम्ही दारात. "कॉलेजात जंतू शिकतेस ना? खालचे सगळे मारून टाकलेस तर मैला खाणार कोण? तू?" आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, पानं वाढलीयेत!" मला राग आला होता. पण पोळी खाताना डोक्यात तेच चाललं होतं, की आपल्या अंगणाखाली अंधारात असंख्य जीव बिनबोभाट कामाला लागलेत आणि आपण त्यांच्या डोक्यावर कपडे वाळत घालतो. कॉलेजच्या कुठल्याही तासाला मला इतकं कुतूहल वाटलं नव्हतं.

टँक उपसायला ट्रक बोलावला. ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "आंटीजी, टंकी लीक है. नई बनवा लो, मेरा साला बनाता है."

"देखी कहाँ है अभी?"

"तजुर्बा है जी."

"तजुर्बा गाड़ी में रखो, पाइप निकालो."

टँक उपसून झाला, पण कुणाला आत उतरू दिलं नाही. झाकण बराच वेळ उघडं ठेवून वायू जाऊ दिला आणि लांबूनच बॅटरीच्या उजेडात भिंती पाहिल्या. मग बाहेर जायच्या पाइपला बूच मारलं, टँक पाण्याने भरला आणि पातळीला खिळ्याने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेला चिकटलेलं. टँक निर्दोष. तुमचं बांधकाम म्हणून जरा ऐट वाटली. पण मग दोषी कोण? टँकचं पाणी ज्या शोषखड्ड्यात जिरतं, त्यात मी जिलेबीचा केशरी रंग ओतला आणि काही दिवस नळाखाली पांढरा मग धरून पाहत राहिले. काही नाही. तुमचे जावई पेपरमागून म्हणाले, "शेजाऱ्याच्या टाकीतही टाकून ये. तो नाही म्हणायचा नाही, तुला घाबरतो."

मग एका सकाळी अंगण धुताना मी नुसती उभी राहिले आणि पाणी कुठे जातं ते पाहिलं. इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. अंगणात कबुतरांची शीट, गल्लीतली कुत्री येऊन जातात, पावसात रस्त्यावरची नाली फाटकातून आत येते. हे सगळं धुऊन पाणी बोअरच्या कोपऱ्याकडे गेलं आणि नाहीसं झालं. अंगणातलं पाणी जायची नाली तर दुसऱ्या बाजूला. मी उरलेला रंग बादलीत कालवून त्याच कोपऱ्यात ओतला आणि दिवसभर पंप चालवला. संध्याकाळी मगात केशरी छटा आली. मी "सापडलं!" म्हणून ओरडले. "अभिनंदन," तुमचे जावई म्हणाले, "आता मी आंघोळ कशाने करू?"

बोअरच्या पाइपला लागून ओट्यात हातभर रुंदीचा चौकोन होता, तिथे सिमेंट नव्हतं, माती होती. तो तुम्हीच ठेवायला लावला होता. ओटा घालायचा दिवस मला आठवतो. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "सगळं अंगण सिमेंटचं केलंत. मग बाप्पाने जायचं कुठे?" शाडूच्या गणपतीचं आपण बादलीतच विसर्जन करायचो. क्वार्टरमध्ये ते पाणी मागच्या बागेत जायचं. ते कुणाच्या पायाखाली येता कामा नये. आणि बोअरच्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागाच नाही, म्हणून चौकोन तिथे.

मागच्या महिन्यात तो चौकोन खणला तेव्हा आत शाडूचे थर लागले, राखाडी, गुळगुळीत, मधूनच गेरूची रेघ. शेवटचे काही थर मीच ओतलेले. ओला शाडू पाइपला घट्ट बसतो. पण दिल्लीच्या मे महिन्यात तो आकसतो, तडकतो, आणि पाइपभोवती बोट जाईल एवढी फट पडते. तीच खालपर्यंत गेली होती. मी हातातलं ढेकूळ चुरत बराच वेळ तिथेच बसले. बोअरच्या तोंडाशी पाणी मुरू द्यायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कसं होईल? आयुष्यभर बांधकाम खात्यात दुसऱ्यांचे नकाशे याच कारणासाठी परत पाठवलेत. आईचं तुम्ही कधी ऐकलंत, हे मी लहानपणापासून शोधत होते. भाजीत मीठ, माझं लग्न, गावाकडची जमीन, सगळीकडे तुमचंच. आणि इथे तिच्या एका वाक्यावर तुम्ही नियम मोडलात, तोही न कुरकुरता. कशामुळे? तिचा आवाज त्या दिवशी वेगळा होता का? मी तिथेच होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि तुम्ही सांगितलं नसतंत.

शाडू पूर्ण काढला. पाइपभोवती सिमेंटचा गारा खोलवर भरला, ओटा उंच करून बाहेरच्या बाजूला उतार दिला. बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर सोडली आणि वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकलं. नवीन बाटली भरून ठेवली. रंग बदलला नाही. आणखी एक भरली. तीही तशीच.

काल दोघी आल्या. बाळ टबात बसून पाण्यावर थापट्या मारतं, मी पलीकडे टॉवेल घेऊन उभी. लेक ओट्याकडे बघत म्हणाली, "पण यार आई, तिथे माती सोडलीच कुणी? आजोबा तर किती कडक होते!"

"ठेकेदाराने," मी म्हटलं. "अप्पांची पाठ वळल्यावर."

तुमच्या जावयांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. या घरात खोटं बोलणाऱ्याला मी जेवायला वाढत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मग त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

हा कागद मी फाडणार आहे, अप्पा. रात्री पोटभर जेवले.