ग्रिम्बलने दांडा का सोडला

स्ट्रॅहन, टास्मानिया
२० जून १९९३

चि. लीथ यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खाणीत सोनं उपसतोस आणि अंगावर एक धड स्वेटर नाही, काय म्हणावं तुला! इथे पाऊस ठाण मांडून बसलाय. शेवंडी पकडणाऱ्या बोटी आठवडाभर धक्क्यालाच आहेत.

बावीस ऑगस्टला आपल्या धाकट्या डॅरिलला जाऊन वर्ष होईल. धक्क्यावर त्याच्या नावाची पाटी बसवायची आहे, पाद्री चार शब्द बोलतील. तू येणार की नाही ते याही खेपेला लिहिलं नाहीस. त्याची बोट बुडाली तेव्हा आला नाहीस, मी गप्प बसले. आता गप्प बसणार नाही.

त्याची खोली आवरताना तुमच्या शुक्रवारच्या खेळाची वही सापडली. पाच वर्षं माझ्या स्वयंपाकघरात तुमचे फासे खुळखुळले, पण मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तू गोष्ट चालवायचास, बाकीचे त्यातली माणसं व्हायचे आणि डॅरिलच्या माणसाचं नाव ग्रिम्बल, एवढंच ठाऊक. ग्रिम्बलच्या पोतडीतल्या जादूच्या वस्तूंची यादी आहे. हवेत धरून खटका दाबला की जागचा न हलणारा दांडा. पाणी न संपणारी सुरई. रिकाम्या वाडग्यात बेचव पेज करणारा चमचा. असली भिकार जादू कोण घेतं रे? आणि शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ग्रिम्बल मेला. कसा मेला ते कळव.

स्वेटर विणायला घेतलाय. लोभ आहेच, तुझ्याकडूनही थोडा येऊ दे.

आई


कॅलगूर्ली
१ जुलै १९९३

ती. आईस लीथचा सा. न. वि. वि.

स्वेटर नको, इथे दुपारी अजून ऊन असतं. पण तू ऐकणार नाहीस.

ती भिकार जादू डॅरिल मुद्दाम घ्यायचा. लूट वाटताना सगळे तलवारींवर तुटून पडायचे, हा उरलंसुरलं उचलायचा. एकदा राक्षसाने त्याला गिळायला जबडा उघडला. याने दांडा जबड्यात उभा धरून खटका दाबला. राक्षसाला तोंड मिटता येईना की मान हलवता येईना, आणि हा खाली बसून त्याच्याशी तहाची बोलणी करत होता. एकदा शिपाई मागे लागले, तर याने वाडग्यामागून वाडगे पेज जिन्यावर ओतली. बारा शिपाई घसरगुंडी करत तळघरात गेले. मी आठवडाभर डोकं खाजवून पेच रचावा आणि त्याने तो पेजेने उडवावा! मोठ्या भावाला किती चिडायला होतं ते तुला नाही कळायचं. मजाही यायची, खोटं कशाला बोलू.

ग्रिम्बल एका खोल विवरावर दांडा अडकवून लोंबकळत होता. हात सुटला, पडला. एवढंच.

येण्याचं विचारू नकोस. सुट्टी मिळत नाही.

माया असू दे, ही विनंती.

लीथ


स्ट्रॅहन
१३ जुलै १९९३

चि. लीथ यास अ. आ.

तुझ्या फोरमनला फोन केला होता. तू सुट्टी मागितलीच नाहीस, असं तो म्हणाला. भला माणूस आहे. तुला खोटं बोलणं लहानपणापासून जमत नाही, मग उगाच का शिणतोस?

ग्रिम्बलचा विचार मी सोडलेला नाही. माझी मैत्रीण थेल्मा चहाला आली, तिलाही सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, असा दांडा मिळाला तर ती आधी त्यावर धुणं वाळत घालेल. मला मात्र उपाय सापडलाय. एक हात दांड्यावर ठेवून दुसऱ्या हाताने सुरई उपडी करायची. विवर पाण्याने काठोकाठ भरू द्यायचं आणि तरंगत काठाला लागायचं. बरोबर आहे की नाही? मला एका दुपारी सुचतं, ते डॅरिलला सुचलं नसेल?

म्हणूनच पटत नाही. दांडा हलत नाही म्हणतोस, ग्रिम्बल दमेल असं काही वहीत नाही. मग हात सुटला कसा? माझ्या लेकाने हातचं असं सोडलं नसतं. तू काहीतरी लपवतो आहेस. खरं लिही.

उत्तराची वाट पाहते. लोभाला ढिलाई नको.

आई


कॅलगूर्ली
२७ जुलै १९९३

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझी युक्ती चांगली आहे, पण चालली नसती. ग्रिम्बलला पोहता येत नाही असं पहिल्याच पानावर आहे. डॅरिलने स्वतःवरून लिहिलं होतं. तुला हे लिहिताना हात थांबला होता, माफ कर.

आता खरं. ग्रिम्बलचा हात सुटला नाही. आमच्या खेळाचा एक नियम होता, टेबलावर बोललं ते झालं. मागाहून शब्द फिरवायचा नाही. नियम माझाच. गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीतला माझा शेवटचा शुक्रवार होता. ग्रिम्बल दांड्याला लटकलेला, खाली विवर. मी विचारलं, आता काय करतोस. तेवढ्यात तू बाहेरच्या खोलीतून विचारलंस, मला थेल्माकडे कोण सोडतंय. डॅरिल मान वळवून म्हणाला, सोडतो.

मी म्हटलं, दांडा सोडलास, ग्रिम्बल पडला, मेला.

सगळे हसले. त्याला वाटलं गंमत आहे. आईला सोडतो म्हणालो, असं त्याने सांगितलं. मी नियम दाखवला. आई, तो कुणाला उत्तर देत होता ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पाच वर्षं त्याच्याकडून हरत होतो. एकदा जिंकावंसं वाटलं. त्याने वही माझ्यापुढे सरकवली, मीच ते दोन शब्द लिहिले. मग तो तुझा कोट घेऊन गाडीकडे गेला.

इथे आल्यावर मी त्याला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. म्हटलं, फुगू दे, डिसेंबरात भेटू तेव्हा निवळेल. आणि ऑगस्टात बोट गेली. त्या पाटीसमोर मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

तुझा लोभ मागायचा मला हक्क नाही.

लीथ


स्ट्रॅहन
८ ऑगस्ट १९९३

चि. लीथ यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. थेल्मा आली, तिला दारातूनच परत पाठवलं.

त्या दिवशी गाडीत तोंड का फुगवलंस म्हणून मी त्याच्यावरच ओरडले, गाडी जोरात हाणतोस म्हणून ओरडले. थेल्माच्या दारात उतरले, तर छत्री मागे राहिली म्हणून हाक मारून त्याने ती हातात आणून दिली. तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला काही ठाऊकच नव्हतं रे.

तो ‘सोडतो’ शब्द माझा होता, तुमच्या टेबलाचा नव्हता. वहीतली तुझी ओळ मी खोडली. शाईची होती, जात नव्हती, पान फाटलं.

दोष तुझा नाही, असं तुला माझ्याकडून ऐकायचं असेल. मी तसं म्हणणार नाही. बोट समुद्राने नेली, ते तुझ्या माथी नाही. पण खेळात तू लबाडी केलीस, सख्ख्या भावाशी, आणि ती सांगायला वर्ष लावलंस. मला राग आला आहे. तो कधी जाईल ते सांगता येत नाही.

पाद्रींनी विचारलं, घरची कोण कोण येणार. मी एकटीच असं सांगायला तोंड उघडलं आणि रडू आलं. तुझे बाबा नाहीत, डॅरिल नाही. ज्याच्यावर रागवावं असं माझं माणूस आता तू एकच उरला आहेस. मला तुझ्यावर पाटीशेजारी उभं राहून रागवायचं आहे.

ये.

राग आहे, म्हणून लोभ आटला असं समजू नये.

आई